योहिम्बिनने वजन कमी होते का?

'फॅट बर्नर' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्या व पावडरींमध्ये योहिम्बिन असते. ते आफ्रिकेतील योहिम्बे या झाडाच्या सालीतून मिळते. पण झाडापासून मिळते म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

ते काय करते?

ॲड्रेनॅलिनमुळे चरबीच्या पेशींतील बीटा रिसेप्टर चरबी मोकळी करतात, तर अल्फा-2 रिसेप्टर ती रोखून धरतात. स्त्रियांच्या मांड्या व नितंबांवरील चरबीत अल्फा-2 रिसेप्टर जास्त असतात. योहिम्बिन हे रिसेप्टर अडवते. त्यामुळे तिथली हट्टी चरबी उतरेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती.

अभ्यासात काय दिसले?

1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 20 लठ्ठ स्त्रियांना कमी कॅलरीचा आहार दिला गेला. तीन आठवड्यांत योहिम्बिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोने घटले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे 2.2 किलोने. म्हणजे बरीचशी घट आहारामुळेच झाली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पुरुषांनी सहा महिने योहिम्बिन घेतले, पण त्यांच्या चरबीत फरक पडला नाही. याचे एक कारण सोपे आहे: पेशीतून सुटलेली चरबी खर्च झाली नाही, तर ती पुन्हा साठते.

धोका कोणता?

अल्फा-2 रिसेप्टर मेंदूतही असतात व नॉरॲड्रेनॅलिनवर लगाम ठेवतात. योहिम्बिनमुळे हा लगाम सुटतो. मग रक्तदाब वाढणे, धडधड, हात थरथरणे, घाबरल्यासारखे होणे, झोप न लागणे असे त्रास होतात.

पुढील व्यक्तींनी ते घेऊ नये:
- उच्च रक्तदाब, हृदय, किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेले
- अतिचिंता (अँग्झायटी) असलेले किंवा नैराश्याची औषधे घेणारे
- गर्भवती व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया

माझी रक्तदाबाची गोळीही अल्फा ब्लॉकर आहे. मग?

प्राझोसिन, डॉक्साझोसिन आणि प्रोस्टेटसाठीचे टॅमसुलोसिन ही अल्फा-1 ब्लॉकर औषधे आहेत. त्यांचे काम वेगळे आहे. ती वजन कमी करण्यासाठी नाहीत. म्हणून त्यांचा डोस स्वतःहून वाढवू किंवा बंद करू नका.

लक्षात ठेवा

घरात कोणी फॅट बर्नर घेत असेल, तर डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. छातीत दुखणे, चक्कर किंवा थांबत नसलेली धडधड असेल, तर ते बंद करून लगेच रुग्णालय गाठा.