केळीचा हिवाळा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

गोंदियाच्या थंडीची ओळख बाहेरच्या माणसाला वर्तमानपत्रातल्या एका ओळीवरून होते. 'विदर्भात सर्वांत कमी तापमान गोंदियात' ही ती ओळ. डिसेंबर-जानेवारीत ती इतक्या वेळा छापून येते, की आम्हा लोकांना तिचे काही वाटेनासे झाले आहे. आमच्या घरामागच्या सांदवाडीत एक केळ होती. तिला मात्र त्या ओळीचा अर्थ दर वर्षी नव्याने कळत असे.

सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपण घातलेली वाडी. न्हाणीचे पाणी जिथे मुरायचे, तिथे केळीचे लहानसे बेट होते. सत्यनारायणाला खांब, पंगतीला पान, भाजीला केळफूल, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असे. धान कापून झाले, पुंजणे मोडून मळणी झाली, की थंडी पडायची. रात्री आभाळ लख्ख असे, वारा अजिबात नसे, आणि पहाटे बोडीच्या पाण्यावरून वाफ उठताना दिसे. मग केळीची पाने पिवळी पडत, कडा करपत, आणि आठवड्याभरात सगळी केळ चिंध्या पांघरल्यासारखी दिसू लागे. एका वर्षी नेमक्या केळफूल डोकावू लागलेल्या केळीची अशी गत झाली आणि मी रडलो. आजीने विळ्याने करपलेली पाने कापली, बुंध्याभोवती हातभर उंच तणस रचली आणि म्हणाली, ''केळ मेली नाही बाबू, निजली आहे.'' होळी झाल्यावर तणस बाजूला केली, तर खालून दोन हिरवेगार कोंभ वर आले होते.

आजीला वनस्पतिशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचे बोलणे शास्त्राला धरून होते. आपण केळीला झाड म्हणतो, पण ते झाड नव्हे. ज्याला आपण खोड समजतो, ते पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले थर असतात. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. पाने तिथूनच येतात, फूल तिथेच धरते आणि गुंडाळलेल्या थरांमधून वर चढते, पिल्लेही तिथूनच फुटतात. वरचे सारे गेले तरी कंद शाबूत असेल, तर केळ पुन्हा उठते.

आपल्या सह्याद्रीतली रानकेळ याचा उत्तम दाखला आहे. कुठे तिला कवदर म्हणतात, कुठे चवई. पावसाळ्यात कड्याकपारीतून ती मोठमोठी पाने काढते आणि पाऊस सरला की वरून वाळून जाते. कंद मात्र खडकाच्या फटीत पुढच्या मृगाची वाट पाहत राहतो. तिचा वैरी थंडी नसून कोरडा काळ आहे, एवढाच फरक. वाईट दिवस जमिनीखाली काढायचे, ही युक्ती दोघींची एकच.

आपण खातो त्या केळीचे मूळ मात्र उष्ण आणि दमट मुलखातले. न्यू गिनी बेटावर कुक नावाच्या दलदलीच्या जागी सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीच्या खुणा सापडल्या आहेत. तिथून आणि आग्नेय आशियातून ही वनस्पती माणसाच्या हाताने जगभर गेली. खाण्याच्या केळ्यात बी नसते. त्यामुळे केळ कुठेही गेली ती कंदाच्या किंवा पिल्लाच्या रूपाने, कोणीतरी जपून नेली म्हणूनच गेली. तिने थंडीशी जुळवून घेतले नाही. पारा १५-१६ अंशांखाली आला की तिची वाढ मंदावते, १० अंशांच्या आसपास नवे पान येणे थांबते, आणि हिम पडले तर पाने जळतात. अशा या नाजूक पाहुणीला माणसाने हिवाळ्याच्या देशांतही नेले. तिला जगवण्याच्या वेगवेगळ्या रीती त्यातून तयार झाल्या.

पहिली रीत आजीचीच, आणि ती जपानातही आढळते. तिथे वाढणारी केळ वेगळ्या जातीची. मूळ दक्षिण चीनमधली, थंडी बरीच सोसणारी, पण खाण्याजोगे फळ न देणारी. जपानीत तिला 'बाशो' म्हणतात. १६८० साली एक कवी एदो शहराबाहेर फुकागावा इथे झोपडी बांधून राहू लागला. एदो म्हणजे आजचे टोकियो. पुढच्या वर्षी एका शिष्याने त्याच्या अंगणात ही केळ लावली. लोक त्या झोपडीला केळीची झोपडी म्हणू लागले आणि कवीनेही तेच नाव घेतले. हायकूचा महाकवी मात्सुओ बाशो तो हाच. जपानात आणि आता युरोप-अमेरिकेतही लोक हिवाळ्याच्या तोंडावर या केळीची पाने छाटतात, बुंध्याभोवती पेंढा गुंडाळतात, वरून पाणी शिरू नये म्हणून झाकण घालतात. फार कडक थंडीच्या गावी कंदच उकरून तळघरात ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. या रीतीत केळ जगते, पण ती शोभेपुरती. फळाची अपेक्षा नसते.

फळ हवे असेल, तर हिवाळाच बाहेर ठेवावा लागतो. ही दुसरी रीत युरोपातल्या श्रीमंतांची. हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या धनिकाच्या बागेत तरुण लिनियस कामाला होता. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत पुढे रूढ केली तो हाच. तिथल्या उष्णगृहात १७३६ साली केळ फुलवण्यात यश आले. युक्ती साधी होती. आधी केळीचे पाणी तोडले आणि मग तिच्यावर मुबलक पाणी ओतले, म्हणजे उन्हाळा संपून पावसाळा लागल्याचा भास तिला करून दिला. त्या केळीवर लिनियसने त्याच वर्षी एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

याहून मोठी गोष्ट घडली ती शंभर वर्षांनी, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या चॅट्सवर्थ वाड्याचा मुख्य माळी होता जोसेफ पॅक्स्टन. पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी काचेचा प्रचंड महाल, क्रिस्टल पॅलेस, उभारला तो यानेच. मॉरिशसहून आलेले, मूळ चिनी वाणाचे केळीचे एक रोप त्याच्या हाती लागले. काचघरात खड्डा करून त्याने भरपूर पाणी, कसदार माती आणि कुजलेले शेणखत दिले, आणि तापमान १८ ते ३० अंशांच्या दरम्यान राखले. बाहेर इंग्लंडचा हिवाळा असताना, नोव्हेंबर १८३५ मध्ये, ती केळ व्याली. पुढच्या मे महिन्यापर्यंत तिला शंभरावर केळी लागली आणि प्रदर्शनात पदक मिळाले. ड्यूकच्या घराण्याच्या आडनावावरून त्या वाणाला 'कॅव्हेंडिश' नाव पडले. काही वर्षांनी जॉन विल्यम्स या मिशनऱ्याबरोबर रोपांच्या दोन पेट्या सामोआ बेटांकडे धाडल्या. त्यांतली एकच पेटी जगली, पण तेवढी पुरली.

विसाव्या शतकाच्या मध्याला 'ग्रो मिशेल' या त्या वेळच्या व्यापारी वाणाच्या बागा मर रोगाने बसल्या आणि जगाच्या बाजारात तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आपल्या खानदेशातली बुटकी बसराई कॅव्हेंडिश गटातलीच, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ऊतिसंवर्धित रोपांतून पसरलेली 'ग्रँड नैन'ही त्याच गटातली. म्हणजे जळगावच्या बागेतल्या केळीची एक बहीण कधीकाळी इंग्लंडच्या काचेखाली हिवाळा काढत होती.

खानदेशच्या शेतकऱ्याकडे काचघर नव्हते आणि केळ नुसती जगून त्याचे भागणार नव्हते. त्याला घड हवा होता. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या यावल, रावेर, चोपडा या पट्ट्याने महाराष्ट्राला केळी पुरवली, सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांतून वाघिणी भरभरून दिल्लीकडे पाठवली. पण दर हिवाळ्यात सातपुड्याकडून गार वारे उतरतात आणि केळीवर 'चरका' पडतो. चरका हा तिथला शब्द. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पाने करपतात, वाढ थांबते, आणि निसवणीला आलेल्या केळीचा घड वरच अडकून बसतो.

खरी मेख पुढेच आहे. घड बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी, कंदाच्या शेंड्याशी त्याची घडण सुरू झालेली असते. तेव्हा थंडी लागली, तर फण्या कमी धरतात किंवा केळी वेडीवाकडी होतात, पण हे दिसते काही महिन्यांनी. घाव जानेवारीतला, तो उघडा पडतो उन्हाळ्यात.

यातून तिसरी रीत घडली, मोकळ्या शेतातली. बागेच्या कडेने शेवरीची किंवा उंच गवताची दाट ओळ लावायची, म्हणजे वारा अडतो. थंडीच्या रात्री विहिरीचे पाणी द्यायचे, कारण जमिनीतले पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा कोमट असते. पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. घड वाळक्या पानांनी झाकायचा, आता त्यासाठी पिशव्या मिळतात. निंबोळी पेंड, पालाश द्यायचे. आणि मुख्य म्हणजे लागवडीचा महिना नीट निवडायचा. खानदेशात जून-जुलैच्या लागवडीची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपासची कांदेबाग अशी विभागणी आहे. केळ वयाच्या कोणत्या टप्प्यावर असताना तिला जानेवारी भेटणार, याचा हिशेब या दोन शब्दांत आहे.

एवढे करूनही काही वर्षे हातची जातातच. म्हणून जळगावच्या केळीसाठी हवामानावर आधारित विमा आला. सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली तापमान, हा त्यातला थंडीचा निकष राहिला आहे. मात्र ते तापमान मंडळातल्या यंत्रावर नोंदले जाते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघडे पान भोवतालच्या हवेहूनही गार होते. यंत्र ९ दाखवत असताना पानाने काय सोसले, याची नोंद कुठे होत नाही.

हे सगळे मी आज सांगतो आहे, त्याला कारण आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. नुसत्या धानावर भागत नाही, दुसरे काही लावा, हा सल्ला आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने तो मनावर घेतला. बर्डीच्या निचऱ्याच्या जमिनीत अर्धा एकर केळी लावली. धानाच्या बांधीत पाणी साचते आणि साचल्या पाण्यात कंद कुजतो, हे त्याला माहीत होते. ठिबक बसवले, रोपे चांगली आणली. दिवाळीला बाग अशी डौलात उभी होती, की लोक बघायला येत. मग जानेवारीत आठ-दहा रात्री सलग गारठ्याच्या आल्या. निम्मे घड वरच अडकले, बाकीचे हडकुळे निघाले. काही बुंधे लग्नाच्या मांडवांना गेले.

मी त्याला धीर द्यायला गेलो आणि आजीचे वाक्य ऐकवले. तो हसला आणि म्हणाला, ''दादा, केळ उठली ना. बघ, पिल्लं किती आलीत. पण सोसायटीचा हप्ता मार्चअखेर भरायचा होता. तो थोडाच निजून राहते?''

त्याच्या या प्रश्नापाशी मी बराच काळ अडकलो. सांदवाडीतल्या केळीला वर्ष वाया घालवता येते. तिचा हिवाळा तणशीखाली निघतो, कारण तिच्यावर कोणाचा संसार अवलंबून नसतो. चॅट्सवर्थच्या केळीला वेळेची फिकीर नव्हती, तिच्यामागे ड्यूकची तिजोरी होती. शेतकऱ्याच्या केळीला यातले काहीच मिळत नाही. तिला त्याच वर्षी, त्याच घडाने, कर्ज फेडायचे असते.

म्हणून आमच्या भागात कोणी केळीचा सल्ला द्यायला आले, तर त्यांना मी दोन गोष्टी विचारतो. जानेवारीत ही केळ किती महिन्यांची असेल? आणि तो हिवाळा वाईट निघाला, तर ते वर्ष कोणाच्या खात्यावर पडेल? २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशी रात्र पुन्हा येणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. खानदेशने वारा अडवण्याची, कोमट पाण्याची, लागवडीच्या महिन्याची जी अक्कल कमावली, ती पिढ्यान्‌पिढ्या बागा हरून कमावली. ती आम्हाला आयती मिळू शकते. पण रोपांच्या गाडीबरोबर तीही आली पाहिजे.

चुलतभावाने बाग मोडली नाही. अर्ध्या एकरातली पाव एकर ठेवली, उत्तरेच्या बांधावर शेवरी लावली आणि बाकी जागेत पुन्हा भाजीपाला घेतला. गेल्या थंडीत मी पहाटे तिथे गेलो, तेव्हा तो बांधावर पालापाचोळा पेटवून बसला होता. धूर केळीच्या पानांखालून सावकाश सरकत होता. मोटार चालू होती आणि सरीत विहिरीचे पाणी वाहत होते. मी हात घातला, तर ते खरोखरच कोमट होते.