गुरू कोणता करावा: संगीत-निर्मिती शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

संगीत-निर्मितीचे काम जुने आहे. ते सगळे एकट्याने करण्याची रीत मात्र अलीकडची. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतकार चाल बांधायचा, अरेंजर तिच्याभोवती वाद्यमेळ रचायचा आणि रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे बसून ते सारे टेपवर उतरवायचा. आज सांगलीतली किंवा न्यू जर्सीतली विशीतली मुलगी लॅपटॉपसमोर बसते आणि ही तिन्ही कामे तिच्या एकटीच्या अंगावर येतात, वर मास्टरिंगचे चौथे. माणसे कमी झाली तशी त्या खोलीतून शिकवणारीही गेली. म्हणून गुरू शोधण्याची जबाबदारी शिकणाऱ्यावर येऊन पडली आहे, आणि या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत करताना मला आधी त्याविषयीच बोलायचे आहे.

पूर्वी ही निवड बहुधा परिस्थितीच करून टाकायची. गोव्यातल्या माजोर्ड्याहून मुंबईत आलेले व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये त्यांनी नायकाच्या गाण्यात आपल्या गुरूंचे नाव गुंफले. लाखो लोकांनी ते नाव गुणगुणले. ते कोणाचे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. अरेंजरांच्या त्या पिढीचे ऋण आपण अजून नीट फेडलेले नाही, असे मला वाटते.

लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे ज्याला पुढे जग अ‍ॅबी रोड म्हणून ओळखू लागले तिथे, शिकण्याची शिडीच ठरलेली होती. जेफ एमरिक १९६२मध्ये सोळा वर्षांचा असताना तिथे लागला. टेपयंत्र सुरू करायचे, थांबवायचे, नोंदी ठेवायच्या आणि नॉर्मन स्मिथसारखा अनुभवी इंजिनिअर काय करतो ते पाहायचे, हे त्याचे काम. मग काही काळ तबकड्या कापण्याच्या विभागात. तिथे बेस जास्त झाला की सुई खोबणीतून उडते, हे हाताखालीच कळायचे. १९६६मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’साठी तो मुख्य इंजिनिअरच्या खुर्चीत बसला, तेव्हा वीस वर्षांचा होता. खुर्चीत बसण्याआधीची ती वर्षे म्हणजेच त्याची शाळा.

याच गोष्टीला विद्यापीठीय रूप देण्याचे प्रयत्नही झाले. जर्मनीत डेटमोल्डला १९४९मध्ये टोनमाइस्टर, म्हणजे संगीत आणि ध्वनितंत्र दोन्ही एकत्र शिकवणारे, शिक्षण सुरू झाले. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने १९७०मध्ये तो धागा उचलला. संगीत, गणित आणि पदार्थविज्ञान तिन्ही हवे, अशी तिथली अट. आणि एवढे शिकवूनही विद्यार्थ्याला एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी धाडतातच. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचे शिक्षण चित्रपटाच्या अंगाने मिळते. ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी तिथलेच. चित्रपटाचा ध्वनी आणि गाण्याची निर्मिती या शेजारच्या वाटा असल्या, तरी त्या एक नव्हेत, हे प्रवेश घेण्याआधी लक्षात घ्यावे.

मैफलीत गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसणारा शिष्य आपल्या ओळखीचा आहे. तो गातो कमी, ऐकतो फार. निर्मितीचे शिक्षणही असेच शेजारी बसून होते, आणि चांगल्या मार्गदर्शकाची पारख इथेच सुरू होते: तो तुमच्या कानाला काय ऐकू आणून देतो?

एक उदाहरण घेऊ. तुम्ही गायकाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावला आहे आणि आवाज भरदार झाला म्हणून खूश आहात. साधा शिक्षक त्या कॉम्प्रेसरची आणखी चार बटणे समजावील. जाणता मार्गदर्शक आधी फेडर खाली ओढील, कॉम्प्रेसर असताना आणि नसताना पातळी सारखी करील, आणि न सांगता दोन्ही ऐकवून विचारील, “आता कोणता बरा?” बहुतेक वेळा उत्तर अडखळते. कारण एखाद्या डेसिबलने मोठा आवाजही कानाला अधिक चांगला वाटतो. हळू आवाजात खर्ज आणि तार दोन्ही आपल्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मोजून दाखवले होते. या पाच मिनिटांनंतर तो विद्यार्थी कुठलाही प्लगिन डोळे मिटून विकत घेणार नाही.

दुसरे असे, की मिक्समधले बरेचसे दोष मिक्समधले नसतातच. डग्ग्याची घुमक आणि बेस गिटार एकाच पट्ट्यात, एकाच मात्रेवर आले की दोन्ही गढूळ होतात. अशा वेळी ईक्यूकडे धावण्याआधी “बेसचा हा स्वर अर्धी मात्रा पुढे नेऊन बघ” म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला सोडू नका. त्याला गाणे कळते. सॉफ्टवेअर लॉजिक की एबलटन, प्रो टूल्स की रीपर, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ.

मार्गदर्शकाची स्वतःची गाणी ऐकावीत, पण त्याहून त्याच्या विद्यार्थ्यांची. सगळ्यांचा ड्रम एकाच पोताचा आणि प्रत्येक कडव्याआधी तोच उसळता आवाज असेल, तर तिथे साचा शिकवला जातो. घराण्यात गुरूची गायकी वर्षानुवर्षे अंगात मुरवणे हीच साधना असते, आणि तिथे ते योग्यच आहे. निर्मितीत मात्र तालाचे प्रोग्रामिंग एकाकडून, गायनाचे ध्वनिमुद्रण दुसऱ्याकडून शिकायला हरकत नसावी. दुसरीकडे जाऊ नकोस म्हणणाऱ्यापासून जपून राहावे.

दूरस्थ शिकवणीबद्दल एक तांत्रिक पण मोलाची गोष्ट. व्हिडिओ कॉल बोलण्यासाठी बांधलेला असतो. तंबोऱ्याचा अखंड नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटू शकतो आणि कॉल तो नाद दाबून टाकतो. कॉलवर ऐकून तुमच्या मिक्सवर निकाल देणाऱ्याचे मत बाजूला ठेवा. आदल्या दिवशी वेव्ह फाइल मागवून, आपल्या मॉनिटरवर ऐकून, मिनिट-सेकंदांसह टिपणे काढून बसणारा शिक्षक जास्त फी घेत असेल तरी परवडतो.

फीचा विषय निघालाच आहे तर श्रेयाचेही आधी बोलून घ्यावे. शिकवता शिकवता गुरूंनी तुमच्या गाण्यात एक सुरावट घातली, तर नाव कोणाचे, मानधनातला वाटा किती? हे ईमेलवर दोन ओळींत लिहून ठेवल्याने नात्यातला आदर तसूभरही कमी होत नाही. संकोचापायी गप्प राहून दुरावलेल्या जोड्या या व्यवसायात पुष्कळ आहेत.

पुढील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. मात्र कोणाकडेही पहिल्या भेटीला जाण्याआधी आपले एक अर्धवट गाणे काढा, कुठे अडले आहे ते एका वाक्यात लिहा आणि जे गाठावेसे वाटते असे दुसऱ्याचे एक गाणे सोबत न्या. समोरचा माणूस आधी कोणते ऐकायला मागतो, आणि ऐकताना मधेच बोलू लागतो की शेवटपर्यंत ऐकतो, याकडे लक्ष असू द्या.