वाटेंत घेतलेला पाहुणा

इडा ल्युपिनोबाईंनीं दिग्दर्शित केलेला ‘द हिच-हायकर’ हा अमेरिकन बोलपट १९५३ सालचा. मासेमारीस निघालेले दोन मित्र वाटेंत एका अनोळखी इसमास मोटारींत घेतात. तो पिस्तुल रोखून त्यांना मेक्सिकोच्या रखरखीत मुलखांतून मोटार हांकावयास लावतो. लांबी अवघी ७१ मिनिटें, खर्चहि बेताचाच. दोघे धडधाकट पुरुष एकट्यापुढें इतके नमतात कसे, असा कांहीं प्रेक्षकांचा आक्षेप असतो. इतिहासापुढें तो टिकत नाहीं. ज्या बिली कुकवरून ही कथा घेतली, त्यानें १९५०-५१ च्या हिवाळ्यांत सहा खून केले. त्यांपैकीं पांच एकाच कुटुंबांतील, त्यांत तीन मुलें! त्या मुलांच्या बापानें टेक्सासमधील एका दुकानांत झटापटहि करून पाहिली. भ्यालेल्या दुकानदारानें दोघांनाहि बाहेर घालविलें. पुढें कुकनें मेक्सिकोंत दोन शिकारी धरले. ते निमूटपणें हुकूम पाळीत राहिले आणि सांता रोसालिया येथें पोलिसांनीं कुकला पकडतांच जिवंत सुटले. बाईंनीं त्यांची भेट घेऊनच बोलपट रचला. कुकच्या एका डोळ्याची पापणी अधू होती. पडद्यावरील खुन्याचा एक डोळा तर झोंपेंतहि मिटत नाहीं. तो जागा कीं निजलेला, हें समोरच्यानें ओळखावें कसें?