शिवाजी पार्कवरचे एक वाक्य आणि कायद्यातला एक शब्द

२४ फेब्रुवारी १९९०. दादरच्या शिवाजी पार्कवर प्रचारसभा, मतदान तीन दिवसांवर. देशातील पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल, अशा आशयाचे विधान दादरचे शिवसेना उमेदवार मनोहर जोशी यांनी त्या सभेत केले. ते निवडूनही आले. मात्र त्या वाक्याचा अंतिम निवाडा व्हायला पुढे जवळजवळ सहा वर्षे लागली.

धर्माच्या नावाने मते मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार भ्रष्ट आचार ठरतो. निवडणूक रद्द होऊ शकते. सुरुवातीला असे आवाहन ‘पद्धतशीर’ असणे आवश्यक होते. १९६१ च्या दुरुस्तीने ती अट गेली आणि कलम १२३(३) मध्ये ‘त्याच्या धर्माच्या’ अशी शब्दरचना आली. हा ‘त्याच्या’ म्हणजे नेमका कोणाच्या? उमेदवाराच्या की मतदाराच्याही? वरकरणी हा व्याकरणाचा प्रश्न. पण धर्म आणि राज्यसत्ता यांच्यामधली सीमारेषा बराच काळ या सर्वनामावर तोललेली होती.

नितीन भाऊराव पाटील यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जोशींची निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित असतानाच १९९५ ची निवडणूक झाली, युती सत्तेवर आली आणि १४ मार्च रोजी जोशींनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली; तीही शिवाजी पार्कवरच! आता प्रश्न केवळ जुन्या आमदारकीचा उरला नव्हता. भ्रष्ट आचार सिद्ध झाल्यास सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

११ डिसेंबर १९९५ रोजी न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने जोशींच्या बाजूने निकाल दिला. असे विधान कितीही निंद्य असले, तरी ती फार तर एक आशा आहे, धर्माच्या आधारे मतांचे आवाहन नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. आशा कोठे संपते आणि आवाहन कोठे सुरू होते? मतदानाच्या तीन दिवस आधी, उमेदवाराच्याच तोंडी, हा भेद फारच तलम वाटतो.

त्याच दिवशी, त्याच खंडपीठाने विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू यांची रद्द झालेली निवड मात्र रद्दच ठेवली. ‘हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती’ हे बहुचर्चित विवेचन याच निकालातले. ते उद्धृत करणारे बहुधा विसरतात, की त्या खटल्यात उमेदवार हरला होता. तेथील प्रचारसभांतील भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकारही पुढे सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

‘त्याच्या’ या शब्दाचा उलगडा २ जानेवारी २०१७ रोजी झाला. अभिराम सिंह खटल्यात सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की हा शब्द उमेदवाराइतकाच मतदारालाही लागू होतो. कोणाच्याही धर्माच्या नावाने मत मागता येणार नाही. ‘हिंदुत्वा’च्या १९९५ मधील व्याख्येला मात्र या घटनापीठाने हात लावला नाही. हा वाद होता मुंबईच्याच सांताक्रूझ मतदारसंघाचा, आणि निवडणूक तीच, १९९० ची. निकाल आला तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून जवळपास बावीस वर्षे झाली होती.