बासनात गुंडाळलेली वही

लोणारचा इतिहास म्हटलं की आपण आधी सरोवराकडे, नाहीतर दैत्यसूदनाच्या देवळाकडे बोट दाखवतो. दगड टिकतो, म्हणून तो डोळ्यांसमोर असतो. पण चक्रधरस्वामी या गावी आले होते, हे आपल्याला कुणी सांगितलं? ‘लीळाचरित्रा’नं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी, ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गावोगाव गाठून या लीळा गोळा केल्या. मूळ पोथी पुढे धाडीत गेली, असं पंथाची परंपरा सांगते. मग आठवून आठवून पुन्हा लिहिलं गेलं, आणि त्यातून पाठभेद झाले. १९७८ साली हा ग्रंथ संपादून छापला तो डॉ. वि. भि. कोलते यांनी. ते आपल्याच जिल्ह्यातल्या नरवेलचे. त्यांच्या टेबलावर हस्तलिखितं पोचली, कारण नकला करणाऱ्यांइतकेच त्या सांभाळणारेही होते.

आता सांभाळायचं कसं, तर सुरुवात कागदापासून. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. तिथले कागदी चिंध्या कुटून लगदा करायचे, साच्यावर ताव उचलायचे, खळ लावायचे आणि गुळगुळीत दगडानं घोटायचे. घोटलेल्या कागदावर बोरू अडत नाही, शाई फुटत नाही. चिंध्यांचा तंतू लांब, म्हणून ताव चिवट.

दुसरी गोष्ट बांधणी. पोथीची पानं सुटी, पण वरखाली लाकडी फळ्या. कीर्तनकाराचं बाड शिवलेलं. व्यापाऱ्याची चोपडी लाल कापडाच्या पुठ्ठ्यात, दोरीनं बांधलेली. आणि या सगळ्यावर सुती बासन. पेशवे दफ्तरातले कागद तर आजही रुमालांत मोजतात. रुमाल म्हणजे तेच चौकोनी कापड. आज एखादं काम ‘बासनात गुंडाळलं’ म्हणजे ते मागे टाकलं, असा अर्थ आपण घेतो. जुन्या माणसानं मात्र ते जपण्यासाठीच गुंडाळलं होतं!

जुने लेखक पोथीच्या शेवटी विनवणी करायचे: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. सैल बांधणीला त्यांनी पाण्याच्या पंगतीत बसवलंय, हे लक्षात घ्या.

म्हणून घरातल्या आजी-आजोबांच्या आठवणी लिहायला वही घ्याल, तेव्हा कव्हरवरचं चित्र नंतर बघा. आधी वही उघडून मधली शिवण बघा. नुसत्या पिना असतील तर त्या गंजतात आणि कागद खातात. पान उजेडासमोर धरा, शाईची एक रेघ मागे उमटते का बघा. कव्हर जाड पुठ्ठ्याचं, वर कापड असेल तर उत्तम. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत दमट होतं. धुतलेलं सुती फडकं बरं.

आणि एक कळकळीची गोष्ट. घर पाडताना माळ्यावर मोडीतले कागद निघतात. वाचता येत नाहीत म्हणून कुणी नदीत सोडतं, कुणी रद्दीत घालतं. कुणी प्रेमानं लॅमिनेशन करतं, तेही नको. ते पुन्हा सोडवता येत नाही. धूळ झटका, फडक्यात बांधा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आपल्याला वाचता आलं नाही, तरी पुढच्याला वाचता येईल. बासन त्याच्यासाठीच असतं.