पंप चालू, तरी मासे का मेले?

नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत एक गोष्ट हमखास घडते. मुलांच्या हट्टापायी काचेची पेटी, चार गोल्डफिश आणि हवेचा छोटा पंप घरी येतो. पेटी लख्ख धुऊन नळाचे पाणी भरले जाते, मासे सोडले जातात. पंधरवड्याच्या आत, बहुधा पहाटे, एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो. "पंप तर रात्रभर चालू होता," घरचे म्हणतात. आमच्याही घरी हेच घडले, आणि आमचे विज्ञानाचे शिक्षण त्या वेळी काही उपयोगी पडले नाही.

आमची चूक अशी होती, की आम्ही दोन प्रश्नांना एक समजत होतो. माशाला श्वासासाठी प्राणवायू मिळणे हा एक प्रश्न. माशाने टाकलेल्या घाणीची विल्हेवाट लागणे हा दुसरा. गंमत अशी, की हे दोन प्रश्न वेगळे ओळखायला विज्ञानालाही शंभराहून अधिक वर्षे लागली.

मासे निरखण्याची हौस आपल्या भागाला नवी नाही. लातूर जिल्ह्याच्या शेजारचे बसवकल्याण, म्हणजे पूर्वीचे कल्याणी, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत त्यात सांगितली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर शोधनिबंध लिहिला. पण राजाचे मासे नदीत-तलावात होते. तलावाचा पृष्ठभाग विस्तीर्ण असतो आणि तळाशी गाळ असतो. वरून हवा मिळते, खाली घाणीचे विघटन होते. काचपेटीत या दोन्ही गोष्टी नसतात. त्या आपल्याला द्याव्या लागतात.

पहिला प्रश्न आधी सुटला. १७७१ साली जोसेफ प्रिस्टले यांना दिसले, की मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची फांदी ठेवली, तर काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळते. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी दाखवले, की हे काम वनस्पतीचा हिरवा भागच करतो आणि तेही फक्त उजेडात. अंधारात वनस्पतीही हवा बिघडवते. पाणवनस्पतींनी गच्च भरलेल्या पेटीत मासे पहाटेच का धापा टाकतात, याचे उत्तर येथे आहे.

१८४९ मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. प्राणवायूची सोय झाली, पण पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम लॉइड यांनी तर समुद्राचे तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवले. प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा अंधारा हौद त्यांनी खाली बांधला होता. पाणी न बदलता ते चांगले राहू शकते, हे दिसले. पण पाण्यात विरघळलेली घाण जाते कोठे?

याचे उत्तर सांडपाण्याने दिले. १८७७ मध्ये फ्रान्सच्या श्लेसिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. म्हणजे काम करणारी वाळू नव्हती, तिच्यावर वाढलेले सजीव होते. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे केले. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत, तिसरा त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी.

आता आमच्या पेटीकडे परत येऊ. लख्ख धुतलेल्या नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नव्हतेच. ते पुरेसे वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. आम्ही मात्र पहिल्याच दिवशी चार मासे सोडले आणि वर भरपूर खाद्य टाकले. पंप हवा देत होता, पण अमोनिया साठत होता. मराठवाड्यातील बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. अशा कोमट पाण्यात अमोनिया अधिकच विषारी ठरतो.

शिवाय पाणी तापले, की प्राणवायूही कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम. उलट माशाची गरज वाढते. पंपाचे बुडबुडे वर जाईपर्यंत थोडाच प्राणवायू देतात. त्यांचे खरे काम पाणी ढवळून तळचे पाणी वर आणण्याचे. हवेची देवघेव मुख्यतः पृष्ठभागावर होते. म्हणून उंच, निमुळत्या बरणीपेक्षा पसरट पेटी बरी. वीज गेली, तर तांब्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून हळूहळू परत ओतत राहावे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. अशा गावात माशांसाठी पाणी बदलायचे का, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्तच आहे. सगळे पाणी बदलण्याची गरजच नसते, तसे करणे माशांनाही अपायकारक असते. आठवड्याला चौथा हिस्सा बदलावा. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवले, की त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, ते कुंड्यांना द्यावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. तो काढलेल्या पाण्यातच खळबळावा. आटलेल्या पाण्यावर नुसती भर घालत राहू नये, कारण पाणी उडते आणि क्षार मागे राहतात.

वर्गात एक निरीक्षण करता येईल. सकाळी सात, दुपारी बारा आणि चार वाजता पाण्याचे तापमान मोजावे आणि एकाच माशाच्या कल्ल्यांची मिनिटातील उघडझाप मोजावी. आठवडाभराच्या नोंदींचा आलेख काढावा. दुपारी तापमान वाढते, पण उजेडात वनस्पती प्राणवायूही देतात. मग मासा सर्वांत जलद श्वास केव्हा घेईल? विद्यार्थ्यांनी आधी अंदाज लिहावा, मग मोजावे.