वंशावळीतून गायब झालेली बंगालची पणजी

कुणबी नोंदींच्या निमित्ताने २०२३ पासून आपल्याकडे घरोघरी वंशावळ काढणं चाललंय. मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आलाय. पणजोबा सापडतो, खापरपणजोबाही सापडतो. पणजीचं नाव विचारून बघा, सगळे एकमेकांकडे बघतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या घराण्यांत हाच घोळ आहे. त्याचं एक टोक हिंदुस्थानात येतं, म्हणून आज हे लिहितोय.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान फान रीबेक केपला उतरला. त्याच्याबरोबर आणि मागून आलेले शिपाई, खलाशी हे अनेक आफ्रिकानर घराण्यांचे मूळ पुरुष. त्यांना शोधणं त्यातल्या त्यात सोपं, कारण कंपनी पक्की हिशेबी. माणूस कुठला, पगार किती, सगळं वहीत. नावंही आपल्या पठडीतली. विलेम्स म्हणजे विलेमचा मुलगा, आपलं मधलं नावच की!

गाडी अडते ती बायकोपाशी. तिचं नुसतं नाव आणि पुढे ‘फान बेंगालेन’, म्हणजे बंगालची. नाहीतर ‘फान द काप’, केपची. हे आडनाव नव्हे, बहुतेक वेळा ती गुलामीची खूण. १८०८ पर्यंत केपला सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले, त्यातले साधारण पाव हिस्सा हिंदुस्थानातून. मालक महिन्यांची नावंसुद्धा ठेवायचे. ‘सप्टेंबर’, ‘फेब्रुवारी’ ही आडनावं तिथे आजही आहेत.

अशा बाईची जन्मनोंद कुठून मिळणार? तिथे शोधावं लागतं खरेदीखत. हो, माणसाचं खरेदीखत! आपल्याकडे जमिनीच्या कागदात पूर्वज सापडतो तो मालक म्हणून, इथे ती सापडते माल म्हणून.

अँजेला फान बेंगालेनचंच बघा. ती खुद्द फान रीबेकच्या घरची गुलाम. १६६६ मध्ये मुक्त झाली, केपला स्वतःची जागा मिळवली. १६६९ मध्ये आर्नोल्डस विलेम्स बासोनशी लग्न केलं. बासोन घराणं तिथे आजही नांदतंय. तिची आधीची लेक अ‍ॅना कंपनीच्या ओलोफ बर्ग नावाच्या अधिकाऱ्याला दिली. आज कित्येक गोऱ्या घराण्यांची वंशावळ मागे नेली की या बाईपाशी पोचते.

मग ती गायब कशी झाली? सगळा दोष जुन्या कागदांचा नाही. १९४९ मध्ये तिथे गोऱ्यांच्या इतरांशी लग्नावर बंदी आली, १९५० मध्ये प्रत्येकाची वंशानुसार सरकारी नोंद सुरू झाली. कुठे राहायचं, कोणत्या शाळेत जायचं, हे त्या शिक्क्यावर ठरायचं. बंगालची पणजी कोण उघड सांगणार? माझ्या मते, वाळवीने खाल्ली नसतील इतकी नावं या भीतीने खाल्ली.

२०२० मध्ये ७७ आफ्रिकानरांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपाबाहेरचा वारसा सरासरी ४.७ टक्के निघाला. पण टक्क्यांतून आजीचं नाव कळत नाही. त्यासाठी केप टाऊनच्या दप्तरखान्यात बसून ती खरेदीखतंच वाचावी लागतात.